हातभर पाणी

उमेराने पेचकस दातात धरला, पेटीचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. खदानीच्या तळाशी, संपाच्या काठावर लोखंडी खांबाला ठोकलेली ती ताटाएवढी पेटी. खाली काळ्या पाण्यातून वर आलेली केबल तिच्यात शिरत होती. आत सगळं कोरडं होतं, गंज नव्हता, मुंगी नव्हती. केबलच्या टोकाशी काळ्या चिकटपट्टीचा एक घट्ट, एकसारखा वेढा होता आणि पट्टीचं शेवटचं टोक दुमडून आत खोचलेलं होतं. अशी दुमड घालणारा माणूस सगळ्या राजुऱ्यात एकच होता, आणि तो तिचा बाप होता.

तिने नखाने दुमड सोडवली. पट्टीखाली रबराची पट्टी, तिच्याखाली पुन्हा पट्टी. सगळं निघालं तेव्हा तारांच्या शेजारी लपलेली खराट्याच्या काडीएवढी बारीक नळी दिसली आणि तिच्यातून फुस्स असा आवाज आला. उमेराने मान वळवून पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. पाण्याचा आकडा एका झटक्यात हातभर वर गेला होता.

संप म्हणजे खदानीचा सगळ्यात खालचा खड्डा. पाऊस, झरे, धुतलेल्या गाड्यांचं पाणी, सगळं शेवटी तिथेच येऊन साचतं. कोळशातून झिरपलेलं ते पाणी लोखंड खातं, रंग खातं. जुन्या मोजपट्टीच्या खांबावरच्या खुणा त्याने कधीच पुसून टाकल्या होत्या. म्हणून कंपनीने सेन्सर आणला. बोटाएवढी पोलादी नळकांडी, ती तळाशी सोडायची आणि तिने आपल्या डोक्यावर किती पाणी उभं आहे ते वर कळवायचं. पण पाण्यावर हवेचाही भार असतो. तो वजा व्हावा म्हणून केबलच्या पोटातून एक बारीक नळी काठापर्यंत आणतात आणि तिचं टोक उघडं ठेवतात. सेन्सर श्वास घेतो तो तिथूनच. ते टोक बंद केलं तर त्या दिवशीची हवा त्याच्या पोटात अडकून बसते आणि पुढे तो सगळा हिशेब त्याच हवेने करतो. हे टोक थंडीत बंद झालं होतं. पावसाळा आला, बाहेरची हवा हलकी झाली, आतली कोंडलेली हवा तापून फुगली, आणि सेन्सर खऱ्यापेक्षा हातभर कमी पाणी सांगू लागला.

पोळ्याच्या रात्री तो हातभरच नडला. पाणी वाढलं की दुसरा पंप आपोआप सुरू व्हायचा होता. तो झाला नाही, कारण सेन्सरच्या मते पाणी अजून खालीच होतं. पाणी विजेच्या पॅनलपर्यंत चढलं, पॅनल बुडालं, चालू असलेला पंपही बंद पडला. सकाळी संपातल्या पोकलेनचा नुसता हात पाण्याबाहेर दिसत होता. जीव कुणाचा गेला नाही. पंपघरात रात्रपाळीला सोमाजी होता.

"काही सापडलं का?" वरच्या रस्त्यावरून तिच्या विभागाच्या पाचभाई साहेबांनी ओरडून विचारलं.

उमेराच्या हातात पट्टीचा गोळा होता. बोटांना डिंक लागला होता. तिला नंतर कितीदा तरी वाटलं की त्या घडीला आपण थोडा विचार केला असता तर वेगळं बोललो असतो. पण विचार झालाच नाही. तोंडातून शब्द आधी निघाला.

"नाही सर. सेन्सर बरोबर आहे."

आणि आता तो बरोबरच होता. साहेबांनी खाली येऊन पाण्यात काठी घालून पाहिली, पडद्याशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळलं.

"बघा म्हणजे," साहेब म्हणाले. "पोळ्याची रात्र. घेऊन झोपला असणार सोमाजी. मी आधीच म्हणत होतो."

साहेब निघून गेले. स्कूटीची डिकी उघडून उमेराने मुठीत लपवलेला तो गोळा पान्ह्यांच्या पिशवीखाली सरकवला. फेकून द्यायला हवा होता. पण बापाच्या हातची वस्तू चिखलात टाकायला तिचं मन होईना.

तिचा बाप, नूर मोहम्मद, राजुऱ्यात मोटारी बांधायचा. विहिरीत नाहीतर बोअरमध्ये सोडायच्या पाणबुडी मोटारी जळल्या की लोक त्याच्याकडे आणत. त्याचं खरं नाव झालं होतं ते जोडासाठी. पाण्याखाली जाणाऱ्या तारेला जोड द्यायचा तर तो नूरभाईनेच, असं गावोगावचे लोक म्हणत. पट्टी कशी ताणायची, किती वेढ्यांनंतर रबर घालायचं, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. मोटर एकदा बोअरमध्ये गेली की ती वर काढेपर्यंत जोड सुटायचा नाही. उघडं टोक हे त्याच्या लेखी पाप होतं. दुकानातल्या शिकाऊ पोरांना तो एवढ्यासाठीच ओरडायचा. बाकी आयुष्यात त्याचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता.

उमेराने डिप्लोमा केला, खदानीत यंत्रांच्या विभागात लागली. गेल्या थंडीत सेन्सर बसवायचा होता तेव्हा ठेकेदाराचा माणूस आला नाही आणि साहेबच म्हणाले, तुझे वडील करतील का? तिने हो म्हटलं, आणि ते येईपर्यंत तिचा जीव वरखाली होत राहिला. नूर मोहम्मद पत्र्याची पेटी घेऊन, चपला घालून आला. गेटवरच्या शिपायाने टोपीवरच हेल्मेट चढवलं, ते त्याच्या कानावर आलं. खदानीतली पोरं गालात हसली. उमेराने ते पाहिलं आणि तिला लाज वाटली. बापाची लाज वाटली म्हणून मग स्वतःची वाटली, आणि या दोन्हींत ती इतकी गुरफटली की 'अब्बा, ही बारीक नळी उघडी ठेवा' एवढं सांगायचं राहून गेलं. ती फक्त म्हणाली, "व्यवस्थित बांधा." नूर मोहम्मदने व्यवस्थित बांधलं. नळी उघडी दिसली, त्याच्या काळजात धस्स झालं असेल. त्याने तिला आधी बंद केलं.

काम संपवून हात पुसत तो म्हणाला होता, "बेटा, देख ले एक बार."

सगळे उभे होते. साहेब, पोरं, पंपवाले. बापाने केलेलं काम लेकीने पेचकस लावून तपासायचं, तेही चारचौघांत, हे तिच्याने होईना. आणि मघाशी वाटलेली लाजही भरून काढायची होती. म्हणून ती मोठ्याने, साहेबांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अब्बा, तुमचं काम काय बघायचं!" आणि काम तपासल्याच्या कागदावर सही केली. नूर मोहम्मद इतका खूश झाला की घरी जाताना त्याने मटण नेलं.

ते वाक्य आता तिला उठता बसता टोचत होतं.

पोकलेन बुडालं त्या संध्याकाळी जेवताना बापाने एकदा विचारलं, "सेन्सर में कुछ निकला क्या?" ती नाही म्हणाली. मग त्याने विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात तो जरा कमी जेवत होता, दुकान लवकर बंद करत होता. तिने लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष खदानीतल्या बोलण्याकडे होतं. कँटीनमध्ये सोमाजीच्या नावाने टवाळी चालायची. कुणी ग्लास तोंडाला लावल्याची नक्कल करायचं, कुणी घोरून दाखवायचं. हसणाऱ्यांत सोमाजीच्या हाताखाली शिकलेले लोकही होते. उमेरा डबा अर्धवट ठेवून उठायची.

कारण सोमाजीने दारू कशी सोडली, ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती शाळेत होती तेव्हा सोमाजी खदानीतून सुटला की थेट भट्टीवर जायचा. नूर मोहम्मदने एक दिवस त्याला रस्त्यात अडवून दुकानात बसवलं आणि तांब्याच्या तारेचं रीळ हातात दिलं. म्हणाला, मी मोटर बांधतो, तू फक्त तार सोड, तुटू देऊ नको. सोमाजीचे हात थरथरायचे, तार तुटायची, नूर मोहम्मद पुन्हा जोडायचा. दिवाळी गेली, उन्हाळा आला, सोमाजी रोज अंधार पडेपर्यंत त्या स्टुलावर बसलेला असायचा. शाळेतून आलेली उमेरा त्याला पाणी द्यायची. पुढे हातांची थरथर थांबली. पुढे सोमाजी आपल्या गावच्या विहारात वर्षावासातलं ग्रंथवाचन करू लागला. पावसाळ्यात रोज संध्याकाळी गाव जमायचं आणि सोमाजी वाचायचा. खणखणीत आवाज, एक शब्द गाळायचा नाही. रात्रपाळीलाही तो वाचन आटोपूनच यायचा.

आता तो वाचायला जात नाही, असं तिच्या कानावर आलं. कुणी त्याला नको म्हटलं नव्हतं. पण कुणी बोलवायलाही आलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी साहेबांनी तिला सहज सांगितलं की चौकशी आटोपली. पाळीवर दारू पिऊन झोपला असं सोमाजीच्या नावापुढे लागणार आणि आसपासच्या कुठल्याच खदानीत त्याला आता ठेकेदार घेणार नाहीत. "सेन्सर ठीक असल्याचं तुझंच म्हणणं आहे, तेव्हा प्रश्न मिटला," ते म्हणाले. उमेराने मान हलवली, बाहेर आली आणि स्कूटी घराकडे न वळवता सोमाजीच्या गावाकडे घेतली.

खरं सांगायचं तर ती काही मोठं मन करून निघाली नव्हती. मनाच्या तळाशी एक लबाड आशा होती. सोमाजीकाकांना एकट्याला गाठावं, हळूच सगळं सांगावं, रडावं. आणि त्यांनी आपल्या डोक्यावर हात ठेवून 'जाऊ दे बेटा' म्हणावं. मग ओझंही उतरेल आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही. ही आशा तिला ओळखू येत होती आणि तिची तिला शिसारीही येत होती, पण ती तिला सोडून जात नव्हती.

खदानीतून काढलेल्या मातीच्या डोंगरापलीकडे गाव होतं. सोमाजी अंगणात कडुलिंबाखाली बसून अंबाडीचा दोर वळत होता. त्याने तिला ओळखलं, दोर मांडीवर ठेवला.

"ये बेटा. बस. बायना, च्या ठेव व, नूरभाईची पोट्टी आली."

घरातून भांड्यांचा आवाज आला. उमेरा खाटेच्या कडेवर बसली. बोलायचं जे ठरवलं होतं ते सगळं उलटसुलट बाहेर पडलं. पेटी, पट्टी, नळी, आकडा, साहेबांनी विचारलं ते आणि तिने सांगितलं ते. बोलताना तिने आवाज इतका खाली ठेवला होता की सोमाजीला पुढे वाकावं लागलं.

त्याने दोराचं सुटलेलं टोक वळून घेतलं. मग म्हणाला, "मले मालूम हाय."

उमेराने वर पाहिलं.

"नूरभाई आले होते. पोळा झाल्यावर तीन-चार दिसांनी. तुह्या गाडीचं काही करून राह्यले होते तं डिक्कीत पट्टी भेटली म्हने. आपल्या हातची दुमड कोनाले ओळखू येत नाई? चंद्रपूरले जाऊन कोन्या मेकॅनिकले पुसलं त्यायनं, का असं टोक बांधलं तं काय होते. मंग इथी आले." सोमाजीने दोर उचलला, पुन्हा ठेवला. "तू बसली ना, तिथीच बसले होते. लय रडले. म्हने, मी जातो सायबाकडं. म्या पुसलं, सही कोनाची हाय? तं बोलेच ना."

"मग?"

"मंग काय. म्याच म्हनलं, राहू द्या. पोट्टीची नौकरी जाईन. त्या मानसानं मले भट्टीवरून उचलून मानसात आनलं. मी कोन्या तोंडानं त्याच्या पोरीले अडकवू?"

उमेराला आता उलगडलं. आपण बापाला झाकत होतो आणि बाप आपल्याला झाकत होता. आणि दोघांनी मिळून पांघरूण म्हणून वापरला तो हा माणूस. बापाचं ते कमी जेवण, लवकर बंद होणारं दुकान, सगळं आत्ता तिच्या ध्यानात आलं. 

"तुमाले मालूम होतं?"

दारात त्याची बायको बायनाबाई उभी होती. दोन्ही हातांत कप होते. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बायना..."

"तुमाले मालूम होतं का तुमी झोपले नव्हते. आन् मी? मी रोज तुमी बाहेरून आले का तुमच्या तोंडाचा वास घेऊन राह्यली. तुमी झोपले का उशाखाली हात घालून पायतो मी, शिशी हाय काय म्हनून. आन् तुमी घेऊ देता? नवऱ्यावर असा वहेम घेऊ देता मले?"

सोमाजी खाली पाहत होता. बायनाबाईने कप उंबऱ्यावर ठेवले. चहा कुणाला दिलाच नाही. मग ती उमेरासमोर आली.

"तू काऊन आली व? कानात सांगाले?"

"काकू, माझं चुकलं..."

"चुकलं ना? मंग चाल. हापिसात सांगशील का नाई ते तुहं तू पाय. आमाले साऱ्या गावानं दारुड्याचं घर म्हनलं. विहारात मी मांगं भितीशी जाऊन बसतो, बाया सरकून बसतात. ते तुह्या हापिसातून नाई धुतलं जात. कानात सांगून गेली तं ते माह्या कानातच राहीन. चाल तिथी."

विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू झाली होती. सोमाजी उठला. "बायना, राहू दे. बायना, ऐक." पण त्याच्या आवाजात एक भलतीच घाई होती. उमेराला ती तेव्हा समजली नाही. तिला वाटलं, बिचारा अजून आपल्यालाच वाचवतोय. अर्धं गाव खदानीत कामाला जात होतं. इथे बोललेलं उद्या सकाळी गेटच्या आत पोचणार होतं. नोकरीचं काय ते ठरणार होतंच, पण राजुऱ्यात नूरभाईच्या जोडाला लोक काय म्हणतील, तेही तिच्या डोळ्यांपुढे आलं. तरी ती उठली, कारण त्या बाईच्या नजरेसमोर खाटेवर बसून राहणं जास्त अवघड होतं.

विहारात सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. पुढे चौरंगावर ग्रंथ उघडा होता आणि माईकपुढे रिना नावाची कॉलेजात जाणारी मुलगी वाचायला बसली होती. वंदना झाली तशी बायनाबाई सरळ पुढे गेली. इतके दिवस भिंतीशी बसणारी बाई मधोमध येऊन उभी राहिलेली पाहून कुजबुज थांबली.

"रिना, जरा थांब बेटा. हे पोट्टी खदानीतली हाय. हिले बोलाचं हाय."

उमेराने चपला बाहेर काढल्या होत्या; फरशी पायांना गार लागत होती. माईक नको म्हणून ती बाजूला सरकली, पण रिनाने तो भाबडेपणाने तिच्या हातात दिला. आपलाच आवाज भोंग्यातून गावभर जातोय हे ऐकत ती बोलली. मान वर करता आली नाही, पण गाळलं काही नाही. पट्टी अब्बांनी बांधली, हे सांगितलं. त्यांनी बघ म्हटलं होतं, मी बघितलं नाही आणि सही केली, हे सांगितलं. सापडल्यावर साहेबांशी खोटं बोलले, हेही सांगितलं.

"सोमाजीकाका दारू प्यायले नव्हते," ती म्हणाली. "झोपलेही नव्हते. ते जागे होते."

 मग बायांच्या बाजूला बांगड्या वाजल्या, कुणीतरी "पाहा बाई" म्हणालं, आणि बायनाबाईने पदराने तोंड पुसलं. आत कोंडलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखं उमेराला वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मान वर केली.

पुरुषांतून हरिदास नावाच्या एका म्हाताऱ्याने विचारलं. तो पूर्वी खदानीतच होता. वाईट हेतूने नाही, त्याला खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"जागा होता तं मंग पानी काऊन नाई दिसलं त्याले? पंपघराच्या खिडकीतून पॅनल दिसते ना. बॅटरी मारली का सारं दिसते."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. सोमाजी उंबऱ्याबाहेर उभा होता. मघाशी त्याने एवढी घाई का केली ते उमेराला आता समजलं, आणि मघाचं मोकळेपण तिथेच विरून गेलं.

"दिसलं होतं," सोमाजी म्हणाला.

तो माईकपासून लांब होता. तरी त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. वाचायची सवय होती ना.

"पॅनलच्या पायाशी पानी आलेलं दिसलं मले. बॅटरी मारून दोनदा पायलं. दुसरा पंप हातानं चालू करता येते, तेबी मालूम होतं. पन पडद्यावर आकडा खाली होता." तो थांबला. "पेत होतो तवा मले काहीबी दिसे. घरात पानी दिसे, भितीवर साप दिसे. बायनाले पुसा. दारू सोडली तवापासून माह्या डोयाचा भरोसाच नाई करत मी. म्हनलं, पडदा खोटं काऊन बोलन? नूरभाईच्या हातचं काम हाय. माह्ये डोये चुकले असन. म्हनून डोये मिटून बसलो, मनातल्या मनात वंदना म्हनत. उघडले तवा लाइन गेली होती."

सोमाजी दाराच्या चौकटीला टेकला.

"झोपला होता म्हनले लोक, तं मी म्हनलं, म्हनू द्या. ते बरं होतं."

उमेराला वाटलं, आपण धावत जाऊन त्यांचे पाय धरावेत. पण माईक तिच्या हातात होता आणि भोंगा चालू होता. माफी मागायला आलेल्या तिने त्या माणसाची झाकलेली एकच जागा गावासमोर उघडी केली होती. त्याने स्वतः ती बायकोलाही दाखवली नव्हती.

बायनाबाई मधेच उभी होती. तिने एकदा बायांच्या रांगेकडे पाहिलं. तिच्यासाठी तिथे आता पुढे जागा झाली होती. मग ती वळली, दाराशी गेली, सोमाजीच्या दंडाला धरून त्याला आत आणलं आणि पुरुषांच्या बाजूला शेवटच्या सतरंजीवर बसवलं. आणि स्वतः तिथेच त्याला लागून बसली. त्या गावात बाई कधी त्या बाजूला बसलेली कुणी पाहिली नव्हती. कुणी हटकलं नाही.

रिनाने हळूच उमेराच्या हातातून माईक काढून घेतला, पान शोधलं आणि वाचायला सुरुवात केली.  लोक ऐकू लागले. उमेरा भिंतीशी सरकली. तिला बस म्हणणारं तिथे कुणी नव्हतं आणि जा म्हणणारंही नव्हतं, म्हणून वाचन संपेपर्यंत ती उभीच राहिली.